माळालाही आपण रानच म्हणतो

प्रति,
पावसाळ्याच्या तोंडावर रोपांचे ट्रक घेऊन सातारा, पुणे, सोलापूरकडच्या डोंगरांवर आणि माळांवर जाणारी वृक्षारोपण मंडळं, कंपन्यांचे सीएसआर विभाग, शाळा-कॉलेजं, ग्रामपंचायती आणि या सगळ्यांना जागा नेमून देणारे अधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

या ऑक्टोबरात एक दिवस काढा. सकाळी महाबळेश्वरहून निघा आणि वाई, लोणंद करत दुपारपर्यंत फलटणला पोचा. जागा खिडकीजवळची धरा. रस्ता शंभरेक किलोमीटरचा. निघता तिथं वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पोचता तिथं पाचशेच्या आतबाहेर. वर जांभूळ, अंजनी, पिसा यांचं बुटकं, दाट, शेवाळानं माखलेलं सदाहरित जंगल. खाली हिवर, बोर, तरटी आणि त्यांच्यामधून वाऱ्यावर हलणारं गुडघाभर गवत. पश्चिम आफ्रिकेत दमट सदाहरित जंगलापासून मोकळ्या सव्हानापर्यंत, म्हणजे गवत आणि त्यात विरळ झाडं असलेल्या मुलखापर्यंत, पोचायला शेकडो किलोमीटर जावं लागतं. आपल्याकडे तोच प्रवास अर्ध्या दिवसाचा आहे. घाटमाथा, मावळ, देश ही नावं आपल्या पूर्वजांनी याच उताराला दिली आहेत.

मी वाईची. अठ्ठावीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. हे पत्र लिहायचं कारण या उताराचा मधला पट्टा आहे. पाचगणी सोडून पसरणीचा घाट उतरू लागलात की तो दिसतो. एकाच डोंगराच्या अंगावर घळींमध्ये काळसर हिरवी राई असते, जांभूळ असतो, हिरडा असतो, आणि दोन घळींमधल्या सोंडेवर नुसतं गवत, त्यात विरळ उभे कुंभे आणि आवळे, कुठे पळस. पाहणाऱ्याला वाटतं, सोंडेवरचं जंगल कुणीतरी तोडून नेलं असणार आणि घळीतलं तेवढं वाचलं असणार. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं, आणि मुलांना मी तसंच शिकवलं.

या पट्ट्यातला पाऊस दोघांनाही पुरतो, जंगलालाही आणि गवतालाही. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाचा उपग्रहांवरून अभ्यास करून २०११ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की वर्षाला साधारण १००० ते २५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भागात काही ठिकाणी दाट जंगल आढळतं, काही ठिकाणी सव्हाना, आणि दोन्हीच्या मधली अवस्था फार कमी. म्हणजे इथं काय उभं राहील हे एकटा पाऊस ठरवत नाही. त्यात विस्तवाचा हात असतो, चरणाऱ्या जनावरांचा असतो, मातीच्या खोलीचा असतो.

विस्तवाचं काम कसं चालतं ते सांगते, कारण आपल्या डोंगरांवर ते दर वर्षी डोळ्यांसमोर घडतं. गवत पौषापर्यंत पिवळं पडतं आणि फाल्गुनात पेट घेतं. असा वणवा कमरेच्या उंचीनं वेगात पुढे सरकतो. जांभळाचं किंवा अंजनीचं पातळ सालीचं पोर त्यात टिकत नाही. कुंभ्याची साल मात्र जाडजूड असते. (त्या सालीच्या धाग्याची वात धुमसत राहते, म्हणून जुन्या काळी तोड्याच्या बंदुकीला ती लावत.) आवळा आणि पळस वरून करपले तरी मुळातून पुन्हा फुटतात. गवताचा जीव तर जमिनीखालीच असतो, त्याला वणव्यानं काही होत नाही. उलट घळीत, जिथं ओल टिकते आणि फांद्या एकमेकींना भिडलेल्या असतात, तिथं सावलीमुळे गवत वाढतच नाही. गवत नाही म्हणून जळायला काही नाही. वणवा राईच्या कडेपर्यंत येतो आणि विझतो. जंगल आपल्या सावलीनं स्वतःला राखतं, गवत आपल्या आगीनं. दोन्ही शेजारी शेजारी, एकाच पावसात, शेकडो वर्षं राहू शकतात.

यावरून कुणी वणव्यांची बाजू मला चिकटवू नये. दर वर्षी, काही ठिकाणी वर्षातून दोनदा, मजा म्हणून लावलेली आग राईची कड मागे ढकलते, पक्ष्यांची घरटी जाळते, आणि देवराईच्या आत शिरलेला वणवा पाहून मी रडले आहे. माझं म्हणणं इतकंच की सोंडेवर झाड नाही म्हणजे तिथलं काही हरवलंय, असं समजून कुदळ उचलू नका.

हा गैरसमज फक्त आपल्याकडचा नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात किस्सीदुगू नावाचा भाग आहे. तिथं सव्हानाच्या मधोमध गावोगाव दाट झाडीची बेटं आहेत, प्रत्येक गाव अशा एका बेटात वसलेलं. फ्रेंच राज्यकर्त्यांनी आणि नंतरच्या सरकारी तज्ज्ञांनी ठरवून टाकलं की पूर्वी सगळीकडे जंगल होतं, लोकांनी ते तोडलं, ही बेटं म्हणजे उरलेसुरले तुकडे. त्यावरून कायदे झाले, माणसांना दंड झाले. नव्वदच्या दशकात जेम्स फेअरहेड आणि मेलिसा लीच हे मानववंशशास्त्रज्ञ तिथं जाऊन राहिले, म्हाताऱ्यांशी बोलले, जुने हवाई फोटो नव्या फोटोंशेजारी ठेवून पाहिले. उलटच निघालं. ती बेटं गावकऱ्यांनी स्वतः वाढवलेली होती. घराभोवतीचं गवत जनावरांनी चरून आणि वेळेवर जाळून आटोक्यात ठेवायचं, उकिरड्यानं माती कसदार करायची, झाडं लावायची, यातून पिढ्यांमागून पिढ्या ती झाडी उभी राहिली होती. ज्यांना जंगल तोडणारे म्हणून शिक्षा झाली, त्यांनीच ते वाढवलं होतं. हे वाचलं तेव्हा मला वेल्हे-मुळशीकडच्या देवराया आठवल्या. गवताच्या डोंगरात एका देवीभोवती राखलेली झाडी. त्यांच्याकडेही आपण उरलेला तुकडा म्हणूनच पाहतो. राखणाऱ्यांनी किती राखलं आणि किती वाढवलं, हे विचारायला फारसं कुणी जात नाही.

आता आपल्या कागदांकडे येते. १९६८ च्या चॅम्पियन आणि सेठ यांच्या वनप्रकारांच्या वर्गीकरणात, जे आजही आपल्या वनखात्याच्या हाताशी असतं, सव्हानासारखा मुलूख बहुतेक ठिकाणी कोरड्या जंगलाची बिघडलेली पायरी म्हणून येतो. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात माळांचे मोठे पट्टे पडीक म्हणून रंगवलेले आहेत. जंगलाची सरकारी मोजणी म्हणते, एक हेक्टर किंवा जास्त जागेवर दहा टक्के किंवा जास्त पर्णछत्र असेल तर ते वन, मग झाड कुठलंही असो. या हिशेबात गिरिपुष्प या परदेशी झाडाची लागवड वन ठरते. आणि कितीतरी जातींची फुलं-गवतं अंगावर वागवणारा, अधूनमधून एखादा हिवर असलेला माळ कशातच बसत नाही. म्हणून तो रिकामा दिसतो. २०१६ साली राज्यानं एका दिवसात २ कोटी झाडांचा संकल्प केला, पुढे ४, मग १३, मग २०१९ साली ३३ कोटी. एवढ्या रोपांना जागा कुठून येणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या हरित क्रेडिट योजनेची (वृक्षारोपणाच्या बदल्यात क्रेडिट देणाऱ्या) जी पद्धत ठरली तिच्यात हेक्टरी किमान ११०० झाडांची अट होती. सव्हानात हेक्टरी ११०० झाडं लावली तर तिला सव्हाना म्हणता येणार नाही.

तुम्ही विचाराल, पण हे माळ माणसानंच केलेले नाहीत कशावरून? पूर्वी इथं जंगलच नव्हतं कशावरून? प्रश्न रास्त आहे आणि काही जागांबद्दल उत्तर 'होतं' असंच येईल. पण सगळ्या मुलखाबद्दल नाही. चाळीसगावजवळच्या पाटणे इथं उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली, त्यातल्या एका तुकड्यावर माणसानं कोरलेली नक्षी आहे. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. शहामृग दाट जंगलात राहणारा पक्षी नाही. गोदावरीच्या मुखाबाहेर समुद्रतळातून काढलेल्या गाळात, नदीनं आमच्या-तुमच्या मुलखातून वाहून नेलेल्या पानांची रासायनिक खूण सापडते. तिथंही उष्ण प्रदेशातल्या गवतांची खूण हजारो वर्षं मागे जाते, आणि सुमारे चार हजार व सतराशे वर्षांपूर्वी पाऊस घटला तशी ती गडद झालेली दिसते. शेती, कुऱ्हाड, इंग्रज, रेल्वे, या सगळ्यांच्या किती तरी आधीपासून इथं गवत आहे.

आणि मराठीचा पुरावा तर घरचाच. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या तेराव्या शतकापासूनच्या ओव्या, चरित्रं, कथा चाळल्या आणि त्यांत आलेल्या रानवनस्पतींची यादी केली. ४४ वनस्पती निघाल्या. त्यांतल्या २७ सव्हानाच्या होत्या, जंगलाच्या फक्त तीन. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात कान्होपात्रेची समाधी जिथं सांगतात तिथं कोणतं झाड उगवलं? तरटीचं. काटेरी, माळावरचं. पाचशे वर्षांपूर्वीच्या पंढरपूरच्या परिसरात लोकांना कुठलं झाड ओळखीचं वाटत होतं, हे त्या कथेतून कळतं. वारकरी अजून त्या तरटीला हात जोडतात, आणि पंढरपूरच्या वाटेवरच्या माळांना आपण पडीक म्हणतो.

आपल्या भाषेनं माळाला कधी ओसाड म्हणून टाकून दिलं नव्हतं. तिनं त्याला माळरान म्हटलं. रान हा शब्द तिनं घाटातल्या किर्र झाडीलाही दिला आणि हिवराखालच्या गवतालाही. गुरांसाठी राखलेलं ते गायरान. गवत राखायची जागा ती कुरण, आणि मराठेशाहीतल्या घोडदळाची घोडी या कुरणांवर पोसली जात होती. भीमथडीचं तट्टू भीमेकाठच्या गवतावर वाढलं. पडीक हा शिक्का महसुली दप्तरातला, पीक न देणाऱ्या जमिनीसाठी. त्या शब्दात जमिनीवर काय उगवतं याची नोंदच नाही.

काय उगवतं, ते सांगते. मारवेल, पवन्या, डोंगरी, कुसळी, ही गवतांची नावं तुमच्या गावातल्या कुठल्याही जुन्या गुराख्याला विचारा. २०२२ साली झालेल्या एका मोजणीनुसार भारतीय द्वीपकल्पातल्या सव्हानाबाहेर जगात कुठेच न सापडणाऱ्या २०६ वनस्पती आहेत, आणि त्यांतल्या ४३ टक्के गेल्या दोन दशकांतच शास्त्राला माहीत झाल्या. माळावर अजून नवं सापडतंय. त्यांतल्या कितीतरींचा जीव कंदात, गाठीत, जमिनीखाली असतो. आठ महिने त्या दिसत नाहीत. पहिल्या पावसानं कोंब काढतात, फुलतात, बी टाकतात, पुन्हा जमिनीत जातात. मे महिन्यात टेकडीवर जागेची पाहणी करणाऱ्या माणसाला त्यांतलं काहीही दिसणार नाही. आणि पाहण्या मे महिन्यातच होतात.

पंधरा वर्षांपूर्वी मी तेच केलं. एका संस्थेनं आमच्या शाळेला वाईजवळची एक टेकडी दिली होती. उन्हाळ्यात जाऊन पाहिली, पिवळी, उघडी. मला ती दुखरी वाटली. जुलैत मुलांना घेऊन गेले. खड्डे खणताना मुलांना मातीतून बटाट्याएवढे कंद सापडले. त्यांतला एक मुलगा धनगराचा, तो म्हणाला, "बाई, खरपुडी हाय, गोड लागती," आणि त्यानं पुसून खाल्ला. बाकीच्यांनीही खाल्ले. खरपुडी म्हणजे कंदीलपुष्प, त्या कुळातल्या काही जाती सह्याद्रीबाहेर जगात कुठे नाहीत. मी शिक्षिका असून मला तेव्हा ते सुचलं नाही. त्या खड्ड्यात आम्ही गिरिपुष्प लावलं. ते जगलं. गिरिपुष्प जगतंच, म्हणून तर ते सगळीकडे लावतात. मध्य अमेरिकेतून आलेलं, पटकन वाढणारं, गुरांना नकोसं. आता तिथं गर्द सावली आहे आणि सावलीखाली सुकलेली पानं. गवत गेलं. खरपुडी मी गेली चार वर्षं भाद्रपदात शोधते आहे, सापडली नाही. त्या टेकडीचा फोटो मात्र यशस्वी वृक्षारोपण म्हणून अजून छापला जातो.

दिवाळीनंतर फलटण-माणकडचे धनगर मेंढरं घेऊन या वाटेनं वर येतात आणि वरंध, कुंभार्ली, ताम्हिणी अशा घाटांनी कोकणात उतरतात. भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढरं बसवतात, खत होतं, बदल्यात धान्य मिळतं. पावसाआधी पुन्हा वर, पुन्हा माळावर. आपण नकाशावर ज्याला गवत ते जंगल असा उतार म्हणतो, तो हे लोक वर्षातून दोनदा चालतात. वाडा, म्हणजे मेंढरांसह पडलेला तळ, हलवायच्या आधी एकजण पुढे जातो, त्याला ते रान बघायला जाणं म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्या टेकडीखाली एका म्हाताऱ्या धनगराशी बोलणं झालं. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "ताई, हितं मारवेल हुतं. आमचा वाडा हितं चार दिस ऱ्हायचा. आता मेंढरानं खायाचं काय?" मी त्याला सांगितलं की ती झाडं मी लावली. तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं त्यानं मलाच चहा दिला.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे, आणि ते अगदी साधं आहे.

जागा उन्हाळ्यात ठरवू नका. भाद्रपद-आश्विनात जा, आणि गवत ओळखणारा माणूस बरोबर घ्या. जिल्ह्यात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक असेल तर उत्तम, नसेल तर मेंढपाळ पुरेसा आहे. ज्या माळावर मारवेल-पवन्याची गच्च वीण आहे तिथं सलग समतल चर खणू नका. जेसीबीनं एका दिवसात उलटलेली ती वीण पुन्हा बसायला माणसाचं आयुष्य पुरेल की नाही सांगता येत नाही. पाणी अडवायचं काम गवताची मुळं आधीच करत असतात.

झाडं लावायला जागा भरपूर आहेत. घळींच्या कडा, ओढ्यांचे काठ, देवरायांचा झिजलेला किनारा, बंद पडलेल्या खाणी, रस्त्यांच्या बाजू, गावठाणं, शेताचे बांध. घाटमाथ्यावर जिथं जंगल खरोखर तुटलंय, बंगल्यांसाठी सपाट झालंय, तिथं जांभूळ, अंजनी, हिरडा लावा आणि पाच वर्षं राखा. तिथं मी स्वतः घमेलं उचलायला येईन. मधल्या पट्ट्यात कुंभा, आवळा, ऐन, पळस यांचं बी टाका, विरळ, आणि मधलं गवत राहू द्या. देशावर हिवर, बोर, तरटी आपसूक येतात, त्यांना फक्त तोडू नका. गिरिपुष्प आणि सुबाभूळ जिथं माळावर माजलंय तिथं ते काढण्यासाठीही सीएसआरचा पैसा वापरता येईल. एखाद्या कंपनीनं आपल्या अहवालात लावलेल्या झाडांऐवजी वाचवलेल्या गवताचे हेक्टर लिहिले, तर तो अहवाल मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवीन.

अधिकाऱ्यांना वेगळं सांगते. सोलापूर-नगर भागात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं, आणि नान्नजला माळढोक दिसणं आता दुर्मीळ झालं आहे. रेहेकुरीला काळविटांसाठी, सुप्याजवळ मयूरेश्वरला चिंकाऱ्यांसाठी गवत राखलं गेलं आणि ती जनावरं तिथं दिसतात. तुमच्याच खात्यानं हे करून दाखवलेलं आहे. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांना हेक्टरी ११०० झाडं नको आहेत. पुढच्या आराखड्यात जागेच्या रकान्यात पडीक लिहिण्याआधी तिथं 'गवताळ रान' असा एक रकाना घाला. एवढ्यानं निदान प्रश्न तरी विचारला जाईल.

वाईच्या त्या टेकडीवरची गिरिपुष्पं काढायची परवानगी मी मागितली आहे. मिळाली तर या पावसाळ्यात आधी एक एकर मोकळा करायचा, शेजारच्या सोंडेवरून मारवेलचं आणि पवन्याचं बी कार्तिकात गोळा करून ठेवलंय, ते टाकायचं. तो खरपुडी खाणारा मुलगा आता ट्रक चालवतो. त्याला फोन केला होता. रविवारी येतो म्हणालाय, आणि कंद मिळाला तर या वेळी खाणार नाही, लावणार, असंही म्हणालाय. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर पसरणी घाटाच्या पायथ्याशी सकाळी सातला या. रोपं आणू नका.

आपली,
वाईची एक निवृत्त शिक्षिका